पी५३ची पट्टी दिसेना तेव्हा

महापेच्या आमच्या लॅबमध्ये पी५३चे (पेशींना कर्करोगापासून वाचवणारं प्रथिन) सलग तीन वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं प्रथिन अँटीबॉडीने पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) कोरे आले. अ‍ॅक्टिनची, म्हणजे सगळ्याच पेशींत असणाऱ्या प्रथिनाची, पट्टी ठसठशीत, पण ५३ किलोडाल्टनच्या, म्हणजे पी५३च्या वजनाच्या, जागी काहीच नाही. पी५३ला चिकटून ते दाखवणाऱ्या डीओ-१ अँटीबॉडीलाच मी दोष दिला. भर पावसात पार्सल उशिरा आलं होतं, त्यामुळे ती खराब झाली असणार याची मला खात्रीच होती. अँटीबॉडीचं प्रमाण दुप्पट केलं, अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून वापरतात त्या दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) वापरलं. फरक शून्य.

नवी कुपी मागवायच्या आधी सीनियर ताईंनी विचारलं, "अगं, पॉझिटिव्ह कंट्रोल कुठला घेतलास?"

"हेला."

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणजे ज्यात प्रथिन नक्की दिसायलाच हवं असा नमुना. तिथेच उलगडा झाला. हेला पेशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या, त्यांत एचपीव्ही-१८ हा विषाणू असतो. त्याचं ई६ प्रथिन पी५३ला प्रोटिअझोमकडे (प्रथिनं मोडणारी पेशीतली यंत्रणा) पाठवून नष्ट करवतं. म्हणजे जिथे प्रथिनच जेमतेम उरतं, तिथे मी ते शोधत होते! निरोगी पेशींतही पी५३ मोडायला लावणाऱ्या एमडीएम२ प्रथिनामुळे ते कमीच असतं. डीएनएला इजा झाली की ते साठतं.

मग एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगातल्या) पेशींना रात्रभर १ मायक्रोमोलर डॉक्सोरुबिसिन हे डीएनएला इजा करणारं औषध दिलं, शेजारी औषध न दिलेल्या एमसीएफ-७ आणि पी५३ नसलेल्या साओस-२ पेशी ठेवल्या. कुपी तीच, जुनीच. औषधाच्या लेनमध्ये गडद पट्टी, औषधाविना फिकी, साओस-२ कोरी. ते चित्र पाहून मला खरंच भरून आलं.

उंदरांच्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांनी मात्र डीओ-१ घेऊ नये. ती उंदराचं पी५३ ओळखत नाही.