पोहण्याच्या स्पर्धेत उतरायचंय, मग टीम पकडू की एकटाच जाऊ?

आधी हे ठरवूच नका. आधी ठरवा उतरायचंय कशात, मास्टर्सच्या (म्हणजे २५ वर्षांपुढच्यांच्या) पूल मीटमध्ये, टँकवरच्या स्पर्धेत, ५०-१०० मीटर मारायचेत की मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहायचंय, कारण दोन्हीचं गणित पार वेगळं आहे.

पूल मीट असेल तर माझं सरळ मत, पहिलं वर्ष तरी टीम शोधा. टँकवर एकटा माणूस काय करतो तर एकाच लयीत अर्धा तास पोहतो, दम लागला की कठडा धरून गप्पा, आणि म्हणतो माझा स्पीड का वाढत नाही. टीममध्ये कोच सांगतो ५० मीटर दहा वेळा, दर दीड मिनिटाला सुटायचं, आणि शेजारच्या लेनमधल्या काकू तुमच्या आधी पोचतात मग थांबायची लाज वाटते ना राव. दुसरं म्हणजे डीक्यू, नियम मोडला म्हणून रेसमधून बाद. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला टर्न आणि फिनिशला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत, फ्रीस्टाइलला स्टार्ट आणि टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं वर आलं पाहिजे, या चुका पोहताना स्वतःच्या स्वतःला कळतच नाहीत, वरून कुणीतरी बघावं लागतं. (सूर मारता येत नाही म्हणून अडून बसू नका, मास्टर्समध्ये पाण्यात उभं राहून भिंतीला पाय रेटूनही स्टार्ट घेता येतो.)

आणि रिले, चौघांनी एकामागून एक पोहायची रेस! वर्ल्ड अॅक्वाटिक्सच्या (पोहण्याची जागतिक संघटना) नियमात एकट्याच्या रेसला २५ पासून दर पाच वर्षांचा गट असतो पण रिलेला चौघांच्या वयाची बेरीज करतात, १६०-१९९, २००-२३९ असे गट, त्यामुळे साठीतल्या चांगल्या पोहणाऱ्याला टीमवाले शोधत असतात. चौघं एकाच क्लबचे लागतात, इथे एकट्याचं काही चालत नाही.

टीम घेताना नुसती फी विचारू नका, एक दिवस बॅच बघायला जा. मोठ्यांना वेगळी लेन आहे का, कोच सेट देतो (किती मीटर, किती वेळा ते सांगतो) की खुर्चीत बसून मोबाईल बघतो, तेवढं बघितलं की कळतं.

शिफ्ट ड्युटी असेल, वेळ जमतच नसेल तर एकटे उतरा, त्यात कमीपणा काही नाही. जिल्हा जलतरण संघटनेकडे एंट्री कशी घेतात, कुठल्या नावाने घेतात ते आधीच विचारा, वयाचा पुरावा आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट तयार ठेवा. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे नोव्हेंबरात चाळिशी असेल तर जूनच्या मीटलाही तुम्ही ४०-४४ मध्येच. आठवड्यातून एकदा घरच्या कुणाला तरी स्टॉपवॉच देऊन कठड्यावर उभं करा, त्यांनाच टर्नचा व्हिडीओ काढायला लावा.

समुद्राचं उलटं आहे. रेस आपली आपणच पोहायची असते म्हणून एंट्री एकट्याची चालून जाते पण प्रॅक्टिस एकट्याने अजिबात नाही, कितीही पट्टीचे पोहणारे असा. लोकल पोहणारा सोबत, भरती-ओहोटीची वेळ बघून, डोक्यावर भडक रंगाची कॅप, कमरेला फ्लोट (तरंगता फुगा), आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवायला एक माणूस.

दोन्ही हवं असेल तर शनिवार-रविवार टीमसोबत आणि बाकी दिवस आपापलं, काही कोच तसंही घेतात, फक्त मीटला कुणाच्या नावाने उतरायचं ते फॉर्म भरायच्या आधी बोलून घ्या.