कारखान्याचे सॉफ्टवेअर स्वतःकडे ठेवावे की भाड्याने घ्यावे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचे (ओतकाम कारखान्याचे) मालक ‘सगळेच क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकू का?’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी कामांची यादी करायला सांगतो, कारण हा निर्णय संपूर्ण कारखान्यासाठी एकदम न घेता कामागणिक घ्यावा लागतो. प्रत्येक कामापुढे एवढेच लिहावे, की इंटरनेट चार तास बंद पडले तर ते थांबून चालेल का. भट्टीच्या हीटची, म्हणजे धातू वितळवण्याच्या प्रत्येक फेरीची नोंद आणि वजनकाटा थांबून चालत नाही. ती कामे आवारातल्या संगणकावरच असावीत. बिलिंगचे तसे नाही. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, त्यांना ई-इन्व्हॉइससाठी सरकारी पोर्टलकडून क्रमांक घ्यावाच लागतो, म्हणजे ते काम आधीपासूनच इंटरनेटवर अवलंबून आहे.

आपला सर्व्हर आपल्या डोळ्यांसमोर आहे म्हणून तो सुरक्षित आहे, ही समजूत कोल्हापुरात तरी 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर टिकायला नको होती. शाहूपुरीतल्या एका तळमजल्यावरच्या कचेरीत सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, अशी व्यवस्था मी पाहिली आहे. पाण्याला दोन्हींत फरक करण्याचे काही कारण नव्हते.

खर्चाची तुलना पाच वर्षांची करावी आणि स्वतःच्या सर्व्हरच्या बाजूला यूपीएसच्या बॅटऱ्या व देखभालीचा माणूसही धरावा. पुरवठादार ‘99.5 टक्के उपलब्धता’ म्हणतो तेव्हा वर्षाला सुमारे 44 तास सेवा बंद राहू शकते, असा त्याचा अर्थ असतो. ते तास महिनाअखेरीला आले तर भरपाई काय, हे करारात वाचावे; बहुतेक वेळा भाड्यात थोडी सूट मिळते, बुडालेला धंदा नव्हे.

माझा खरा आग्रह मात्र बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल आहे. आम्ही एकदा पुरवठादार बदलला, तेव्हा जुन्याने सहा वर्षांच्या खातेवह्या पीडीएफमध्ये हातात ठेवल्या आणि त्या पुन्हा टंकित करण्यात लेखा विभागाचा दीड महिना गेला. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात, तेव्हा त्या सोडून देण्याची सोय नव्हती. म्हणून चाचणीच्या काळातच तीन महिन्यांची खरी व्हाउचरे भरावीत, ती एक्सेलमध्ये बाहेर काढावीत आणि शिल्लक जुळते का, हे आपल्या लेखापालाकडून तपासून घ्यावे. कंपनी असल्यास हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज होतो का आणि नोंदींतील फेरफारांचा माग राहतो का, हेही लेखी घ्यावे.

सेवा बंद केल्यावर माहिती किती दिवस उतरवून घेता येईल, ते कलम सही करण्यापूर्वी शोधावे आणि नसेल तर घालून घ्यावे. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक प्रत स्वतः उतरवून घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी.