प्राणशरीर जाणवायला कसं शिकावं : श्वासापासून हस्तस्पर्शापर्यंत

हाडामांसाच्या देहाला व्यापून प्राणाचा एक देह आहे, हा विचार फार जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत अन्नमय देहाच्या आत प्राणमय देह सांगितला आहे आणि त्याला पक्ष्याचं रूप दिलं आहे : प्राण हे डोकं, व्यान उजवा पंख, अपान डावा पंख, आकाश हे धड आणि पृथ्वी ही शेपटी. चिनी परंपरेत ‘ची’ आणि तिचे मार्ग आहेत, तिबेटी साधनेत नाड्या, वायू आणि बिंदू आहेत. जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये सुरू केलेली रेकी ही हातांनी करायची उपचारपद्धतीही याच प्रदेशात काम करते.

याबद्दल वाचणारे पुष्कळ आहेत, पण अनुभव घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण डोळे मिटून लगेच चक्रांचे, म्हणजे देहात मानलेल्या प्राणकेंद्रांचे, रंग बघायला बसतात. मला ती सुरुवात मान्य नाही. मनाने जे रंगवलं ते दिसणारच, त्यातून नवं काही कळत नाही. आधी जाणवू द्यावं, नाव मागाहून द्यावं. खालचा सगळा क्रम याच आग्रहावर उभा आहे.

पहिली पायरी : एकच नकाशा घ्या

सहा चक्रं आणि त्यांच्या वर डोक्याच्या माथ्याशी सहस्रार ही आज सर्वत्र दिसणारी मांडणी मुख्यतः पूर्णानंदांच्या १५७७ मधल्या षट्चक्रनिरूपण या ग्रंथावरून आली. जॉन वुड्रॉफ यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे ती विसाव्या शतकात जगभर पोचली. पण तंत्रग्रंथांत चक्रांची संख्या एकसारखी नाही. बौद्ध हेवज्रतंत्रात चारच चक्रं आहेत. लाल ते जांभळा असा इंद्रधनुष्याचा क्रम तर विसाव्या शतकातलाच. षट्चक्रनिरूपणात मणिपूराचं, म्हणजे नाभीपाशी असलेल्या चक्राचं, कमळ भरलेल्या मेघासारखं सावळं आहे, आजच्या तक्त्यांत ते पिवळं असतं. हृदयापाशी असलेल्या अनाहताचं कमळ तिथे बंधूक फुलासारखं लाल आहे, आज ते हिरवं रंगवतात. जुने साधक चुकले किंवा नवे खोटं सांगतात, असा याचा अर्थ नाही. हे नकाशे ध्यानासाठी आखलेले आहेत आणि प्रत्येक परंपरेने आपापल्या साधनेसाठी ते आखले. दोन नकाशे एकमेकांवर ठेवून चालायला लागलात, तर मात्र गोंधळ ठरलेला.

नवख्या माणसाने चक्रांऐवजी पाच वायूंपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राण हृदयाशी, अपान ओटीपोटाच्या खाली, समान नाभीपाशी, उदान कंठात आणि व्यान सर्वांगात, ही वाटणी योगग्रंथांत ठिकठिकाणी येते. सोय अशी, की यातला प्रत्येक वायू म्हणजे एक हालचाल आहे आणि ती ताडून बघता येते. श्वास आत येताना छाती उघडते, उत्सर्जनाचा जोर खाली जातो, जेवण पचताना नाभीभोवती ऊब असते, बोलताना कंठ थरथरतो, हातपाय हलवताना बळ टोकांपर्यंत पोचतं. कल्पनेला इथे फारसा वाव नाही.

दुसरी पायरी : बैठक

पोट हलकं असावं, फोन दुसऱ्या खोलीत असावा आणि पाठीला आधार घेतला तरी चालेल. वीस मिनिटं पुरतात. वेळ रोज साधारण एकच ठेवा आणि जे जाणवलं ते वहीत लिहा, म्हणजे आजचा अनुभव कालच्याशी ताडता येतो.

तिसरी पायरी : स्वर ओळखा

नाकपुडीखाली बोट आडवं धरा आणि नेहमीसारखा श्वास सोडा. एका बाजूने हवा मोकळी येते, दुसऱ्या बाजूने कमी, हे लगेच कळेल. हात खाली घ्या आणि तोच फरक नाकाच्या आत शोधा. मोकळ्या बाजूला श्वास आत जाताना गारवा खोलवर लागतो, दुसऱ्या बाजूला तो नाकपुडीच्या तोंडाशीच थांबल्यासारखा वाटतो. स्वरयोगात, म्हणजे श्वासाची बाजू ओळखण्याच्या साधनेत, डावा स्वर इडा नाडीचा आणि उजवा पिंगला नाडीचा. शरीरशास्त्रालाही ही अदलाबदल ठाऊक आहे. नाकातल्या आवरणाला आलटूनपालटून सूज येते आणि काही तासांनी मोकळी बाजू बदलते. १८९५ मध्ये रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने तिचं वर्णन केलं. एका कुशीवर पडलात तर थोड्या वेळाने वरची नाकपुडी मोकळी होते, तेही करून बघा. प्राणाच्या प्रवाहाची ही सर्वांत साधी ओळख आहे आणि तिच्यासाठी कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

मग श्वास हळू करा. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, अशी पाच मिनिटं. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते आणि लक्ष आपोआप आत वळतं. नाडीशोधन (नाकपुड्या आलटूनपालटून श्वास घेणं) येत असेल तर तेही चालेल, मात्र श्वास रोखू नका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जोरजोरात, भरभर श्वास घेतला की बोटांत आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याचा तो परिणाम आहे. त्याला ‘ऊर्जा जागी झाली’ म्हणणारे शिकवणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहिलेलं बरं. हळू श्वासात जे उमटतं तेच कामाचं.

चौथी पायरी : तळहात

सूक्ष्म जाणिवेचा अभ्यास जवळपास सगळ्या परंपरा हातांपासून सुरू करतात आणि त्याला शरीरात कारण आहे. मेंदूच्या स्पर्शाच्या पट्ट्यात हात आणि ओठ यांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळाली आहे. पाठीवर जे कळणार नाही ते तळहाताला कळतं.

कोपर शरीरापासून थोडे सुटे ठेवा, खांदे सैल सोडा. तळहात समोरासमोर, वीतभर अंतरावर धरा. चोळू नका. चोळल्यावर ऊब लागतेच, पण ती घर्षणाची असते. बोटं किंचित वाकलेली, एकमेकांना न चिकटलेली असू द्या. आता हात अगदी संथपणे जवळ आणा, इतके संथ की बघणाऱ्याला ते स्थिर वाटावेत. कुठेतरी एक जागा येते, जिथे दोन हातांमधली हवा दाट झाल्यासारखी वाटते. कुणाला तळव्याच्या मध्यावर ऊब लागते, कुणाला बोटांच्या टोकांशी ठोके जाणवतात, कुणाला दोन लोहचुंबक एकमेकांना ढकलत असावेत तसा हलका विरोध. तिथे थांबा. हात अर्धा इंच दूर न्या, पुन्हा आणा. जाणीव त्याच जागी परत येते का, ते बघा. मग तळहात भिंतीसमोर धरून हेच करा. भिंतीपाशी आणि हातापाशी काय वेगळं लागतं, हे तपासण्यानेच हात तयार होतो.

यातली काही ऊब रक्ताची, काही लक्ष एकवटल्यामुळे वाढलेली आणि काही अपेक्षेची असणार. ती कुठल्या वाट्याची हे पहिल्याच दिवशी ठरवायची घाई नको. काहीच जाणवलं नाही, तर वहीत ‘काहीच नाही’ असं लिहा. तीही प्रामाणिक नोंद आहे.

पाचवी पायरी : अंगावरून लक्ष फिरवा

पूजेत आणि जपाआधी न्यास करतात. हृदय, मस्तक, शिखा, कवच, नेत्र अशा जागांवर मंत्रासह स्पर्श करून तिथे देवतेची स्थापना करायची. एकेका अवयवावर जाणीव ठेवण्याची ही जुनी रीत आहे. स्वामी सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेची आजची पद्धत बसवली ती न्यासाच्याच आधाराने. कवचस्तोत्रांतही हाच प्रवास असतो. रामरक्षा पाठ असलेल्यांनी ती एकदा सावकाश, ज्या अवयवाचं नाव येईल तिथे लक्ष नेत म्हणून बघावी. मस्तकापासून पायांपर्यंतची वाट श्लोकाश्लोकांतून आखून दिलेली सापडेल.

मंत्र नको असेल तर नुसतं लक्ष चालतं. टाळू, कपाळ, डोळे, जबडा, कंठ, छाती, नाभी, ओटीपोट, मांड्या, तळपाय. प्रत्येक ठिकाणी तीन श्वास. तिथे काय असायला हवं याचा विचार करू नका, काय आहे ते बघा. जड, हलकं, उबदार, गार, सुन्न, घट्ट, फडफडतं, पोकळ, असे साधे शब्द वापरा. ‘अनाहत बंद आहे’ हा अनुभव नव्हे, तो अनुमान आहे. ‘छातीच्या मध्यावर रुपयाएवढी जागा घट्ट लागली, श्वास तिथपर्यंत गेला नाही’ हा अनुभव. हा फरक पाळला, तर पुढची कितीतरी भ्रांती टळते.

सहावी पायरी : अडलेल्या जागेवर हात

एखादी जागा रोजच सुन्न किंवा ताठ लागत असेल, तर उपचाराची सुरुवात तिथून करा. हात तिथे ठेवा, दाबू नका. तळव्याचा पूर्ण भार पडेल इतपतच. श्वास त्या हाताखाली येतोय असं लक्ष ठेवा आणि पाच मिनिटं जागा बदलू नका. काहीतरी ढकलायचं, बाहेर काढायचं, साफ करायचं असा प्रयत्न नको. पहिल्या मिनिटाला हात बाहेरून ठेवलेला वाटतो, मग त्वचा आणि तळवा यांतली सीमा पुसट होते, मग पुष्कळदा आपोआप एक खोल श्वास येतो किंवा पोटात गुरगुरतं. शरीर विसावल्याची ती खूण आहे. हात लगेच उचलू नका. तो खोल श्वास येऊन गेल्यावरही थोडा वेळ ठेवा.

उठण्याआधी तळपाय जमिनीवर टेकवा, डोळे उघडा, खोलीतल्या वस्तू बघा, पाणी प्या. हा भाग गाळला तर दिवसभर तरंगल्यासारखं वाटू शकतं.

सातवी पायरी : दुसऱ्या माणसासाठी

आधी विचारा. झोपलेल्या, आजारी किंवा संकोचामुळे नाही म्हणू न शकणाऱ्या माणसावर न विचारता हात फिरवू नये, मग हेतू कितीही चांगला असो. होकार मिळाला तर खांद्यांवर किंवा पाठीवर हात ठेवून बसा आणि त्यांना काय जाणवतंय ते त्यांनाच सांगू द्या.

शरीरापासून काही अंतरावर हात फिरवून दोष शोधायची पद्धत रेकीत आहे, प्राणिक हीलिंगमध्ये आहे आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या थेरप्युटिक टचमध्येही आहे. या शेवटच्या पद्धतीची एक सरळ चाचणी झाली. एमिली रोझा या शाळकरी मुलीने पडद्याआड २१ उपचारकांच्या दोनपैकी एका हातावर आपला हात धरला आणि तो कुठल्या हातावर आहे ते विचारलं. २८० प्रयत्नांत उत्तरं ४४ टक्के बरोबर आली, म्हणजे अंदाजाने येतील त्याहून जास्त नाहीच. हा निबंध १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला गेला. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने आपली मर्यादा नेमकी दाखवली. स्वतःच्या आतली जाणीव ही एक गोष्ट, दुसऱ्याच्या देहाबद्दल निदान करणं ही वेगळी. तुमच्या हाताला काहीही लागलं तरी समोरच्याला ‘तुमच्या यकृतात अडथळा आहे’ असं सांगू नका. त्या एका वाक्याने माणूस महिनोन्महिने धास्तावतो. जवळ बसणं, स्थिर हात आणि संथ श्वास यांनी मिळणारा दिलासा खरा आहे, आणि तो निदानाशिवायही देता येतो.

कुठे थांबावं

छातीतला दाब, डाव्या हाताकडे जाणारी कळ, अचानक आलेली धाप यांना चक्राचं नाव देऊन बसू नका, तातडीने दवाखाना गाठा. चालू औषधं डॉक्टरांना न विचारता सोडू नयेत. फेफरं, तीव्र मानसिक आजार किंवा जुना आघात असेल, तर डोळे मिटून आत बघण्याचा सराव जाणत्या माणसाच्या सोबतीनेच करावा. सरावात भीती वाढू लागली, झोप उडाली, तर तो लगेच बंद करा आणि काही दिवस नुसतं चालायला जा.

कुंडलिनी, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी सुप्त मानलेली शक्ती, जागवण्याच्या मागे एकट्याने लागू नये. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिच्या जागृतीचं वर्णन आहे आणि ते वाचताना मन हरखून जातं. पण आसन आणि बंध (शरीर आतून आवळून धरण्याच्या क्रिया) तिथे आधी येतात, आणि आहारविहाराचा नियमही त्याच अध्यायात आहे. हठयोगप्रदीपिका तर बजावते, की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे तसाच प्राण, नाहीतर तो साधकालाच मारतो.

महिनाभर नोंदी झाल्या की वही उघडा आणि पाच वायूंच्या पाच जागांपैकी कुठली सर्वांत वारंवार आली ते शोधा. पुढचे पंधरा दिवस सहाव्या पायरीतला हात फक्त तिथेच ठेवा. चक्रांकडे वळायचं असेल तर त्यानंतर वळा, आणि तेही त्याच जागेजवळच्या एका चक्रापासून.