थेट महापौर हवा? मतदानाआधी अधिकार ठरवा

महाराष्ट्रात नगराध्यक्ष जनता निवडते, महापौर मात्र नगरसेवक निवडतात. महापौरही थेट जनतेनं निवडायचा, तर घटनादुरुस्ती लागत नाही. पालिकेचा प्रमुख कसा निवडायचा हे घटनेच्या कलम २४३-आर नं राज्याच्या विधिमंडळावर सोपवलं आहे. मात्र महापालिकांचे कायदे दोन आहेत: मुंबईसाठी १८८८ चा, इतर महापालिकांसाठी १९४९ चा. मुंबईही धरायची असेल तर दोन्हींत दुरुस्ती करा.

निवडणुकीचं कलम लिहिणं सोपं. खरं काम अधिकारांच्या कलमांत आहे. आज कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि ते राज्य सरकारनं नेमलेले असतात. अर्थसंकल्प आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात, तिथून तो सर्वसाधारण सभेत जातो. हे तसंच ठेवून महापौर थेट निवडला, तर लोक खड्ड्यांची गाऱ्हाणी त्याच्याकडे नेणार आणि तो आयुक्तांना पत्रं लिहीत बसणार! म्हणून अर्थसंकल्प कोण मांडणार, कोणत्या रकमेपर्यंतचा खर्च कोण मंजूर करणार, आयुक्तांच्या कामाचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार, हे आधी ठरवा. निविदा आणि कर्मचारी भरती प्रशासनाकडेच राहिलेली बरी.

पुढचा पेच बहुमताचा. शिमल्यात २०१२ मध्ये थेट निवडणुकीत महापौर माकपचा आला, सभागृहात मात्र त्या पक्षाचे नगरसेवक मोजकेच. असं कुठंही होऊ शकतं, कारण मतदार दोन मतं दोन पक्षांना देतो. त्यावर लंडनचा नियम उपयोगी आहे: महापौराचा अर्थसंकल्प बदलायचा तर असेंब्लीत, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या सभागृहात, दोन-तृतीयांश मतं लागतात. साध्या बहुमतावर अडवणूक होत नाही आणि महापौरही मोकाट सुटत नाही.

साध्या बहुमताचा अविश्वास ठराव ठेवू नका. जनतेनं बसवलेल्याला नगरसेवकांनी उठवायचं, तर थेट निवडणूक कशाला? मध्य प्रदेशच्या कायद्यात तीन-चतुर्थांश नगरसेवकांच्या प्रस्तावानंतर निर्णय मतदारच गुप्त मतदानानं करतात. तो प्रस्ताव पहिली दोन वर्षं आणता येत नाही.

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत सध्या नगरसेवकांच्या निकालानंतर काढली तरी निभावतं. थेट निवडणुकीत ती उमेदवारी अर्जांच्या बऱ्याच आधी हवी. सध्याची अडीच वर्षांची मुदतही पाच वर्षांची करावी लागेल, म्हणजे आरक्षणाचं चक्र नव्यानं आखणं आलं.

मतदान केंद्रावरचा गोंधळ कमी लेखू नका. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला चार मतं द्यायची असतात, महापौराचं पाचवं. यंत्रावर आणि प्रशिक्षणात महापौराची मतपत्रिका वेगळ्या रंगानं ओळखू येईल अशी ठेवा, नाहीतर मतदार चार बटणं दाबून बाहेर पडतो.

शेवटी संक्रमणाचं कलम. नगराध्यक्षांबाबत थेट निवडणुकीचा नियम २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. पुढचं सरकार तुमचाही कायदा फिरवू शकतं. तेव्हा कोणताही बदल चालू मुदतीला लागू होणार नाही, पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच होईल, असं विधेयकात स्पष्ट लिहा.