हीट लोड काढायला शिकताय? या चुका टाळा

आर्किटेक्ट असो, सिव्हिल इंजिनिअर असो की स्वतःचं घर बांधणारा माणूस, हीट लोड (खोली गार ठेवायला एसीने बाहेर काढायची उष्णता) शिकायला बसला की तो थेट सॉफ्टवेअर उघडतो. एनर्जीप्लस हे इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, व्हिडिओ भरपूर आहेत, दोन दिवसांत मॉडेल उभं राहतं आणि टनेजचा, म्हणजे एसी किती टनांचा हवा याचा, आकडाही येतो. तो बरोबर आहे का, हे मात्र सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे: आधी एकच खोली घ्या आणि तिचा लोड कागदावर काढा.

युनिटची गल्लत पहिल्याच पानावर होते. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू (उष्णतेचं एकक), साधारण 3.5 किलोवॅट. पण ही खोलीतून बाहेर काढायची उष्णता झाली. वीज त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच लागते. दोन्ही एकच धरलं तर बिलाचा अंदाज तिपटीच्या वर जातो.

सगळ्यात महागात पडते ती ओलावा विसरण्याची चूक, आणि ती मीही केली आहे. ठाण्यातल्या एका ऑफिसची दहा जणांची मीटिंग रूम होती. पावसाळ्यात बाहेर 30 अंश, आत 24, आणि सेकंदाला 100 लिटर ताजी हवा. मी 6 अंशांचा फरक धरला, लोड आला जेमतेम 0.7 किलोवॅट. पण 80 टक्के आर्द्रतेच्या त्या हवेत किलोमागे 21 ग्रॅमहून जास्त बाष्प असतं, आणि आत हवं असतं 10 ग्रॅमच्या आसपास. हे जादा बाष्प एसीच्या गार कॉइलवर पाणी होऊन गळायला हवं, आणि त्यासाठी आणखी सव्वातीन किलोवॅट लागतात. नुसत्या ताज्या हवेचाच लोड टनाच्या वर गेला.

यावर उपाय म्हणून टनेज वाढवून ठेवू नका. ‘शंभर-सव्वाशे स्क्वेअर फुटाला एक टन’ हा हिशेब पडताळ्यापुरता ठीक आहे. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली झटकन गार करतं आणि कॉम्प्रेसर बंद होतो. ओलावा तसाच राहतो, माणसं गारठतात तरी अंग चिकचिकतं. गरजेप्रमाणे हळू चालणाऱ्या इन्व्हर्टर एसीने हे थोडं सावरतं, पूर्ण नाही.

उन्हाचा हिशेब थंड देशांच्या पुस्तकांतून उचलू नका. तिथे दक्षिणेच्या काचेची चर्चा असते. ठाण्या-पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, पुढे जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेला. दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतं ते डिसेंबरात. उन्हाळ्यात तापते ती पश्चिमेची काच आणि वरच्या मजल्याचा स्लॅब. स्लॅबला हवेचं तापमान लावून भागत नाही, कारण उन्हाने तो हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि दुपारची उष्णता संध्याकाळी खाली उतरते. मध्यवर्ती एसी प्लांट निवडताना सगळ्या खोल्यांच्या कमाल आकड्यांची बेरीज करू नका. पूर्वेची खोली सकाळी तापते, पश्चिमेची चार-पाचला.

हे पटलं की सॉफ्टवेअर उघडा. लोड म्हणजे सर्वांत वाईट तास, तर एनर्जी मॉडेल म्हणजे वर्षाचे 8,760 तास. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. आकडा विचित्र वाटला तर आधी भिंत बघा. प्लॅस्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू (तिच्यातून उष्णता किती सहज जाते तो आकडा) 2 च्या आसपास असते, 0.4 दिसली तर परदेशी इन्सुलेटेड भिंत डिफॉल्ट म्हणून राहिली आहे. शेजारच्या एसी ऑफिसला लागून असलेली भिंत चुकून बाहेरची धरली आहे का, हेही बघा. तरीही उलगडा होत नसेल तर काच, माणसं, ताजी हवा एकेक करून शून्यावर आणा आणि प्रत्येक वेळी लोड किती उतरतो ते लिहून ठेवा.

आणि मशीन बसल्यावर ऑगस्टमधल्या एखाद्या दमट दिवशी, खोली भरलेली असताना, ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. आधी सांगितलेल्या मीटिंग रूममध्ये ताज्या हवेतूनच तासाला साडेचार लिटर पाणी यायला हवं. निम्मंही आलं नाही, तर ताजी हवा खरोखर आत येते आहे का ते आधी तपासा.