जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड: आधी एसएमपीएस बघा

पैसे भरायच्या आधी कॅबिनेटचं साइड पॅनल उघडा. आत काय आहे ते माहितीये म्हणून टाळू नका. सात-आठ वर्षांपूर्वी असेंबल करून देणाऱ्याने नेमका कुठला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बसवला, ते बिलावरही धड लिहिलेलं नसतं. कार्डाचे बेंचमार्क व्हिडिओ नंतर बघा.

एसएमपीएसमधून निघणाऱ्या वायरींच्या गुंत्यात 6+2 पिनचा (6 आणि 2 पिन जोडून 8 होणारा) पीसीआय-ई कनेक्टर, म्हणजे कार्डाला वीज देणारा, शोधा आणि हातात धरून बघा. मागच्या खेपेला कार्डाची लांबी, मॉनिटरची केबल सगळं तपासलं, नेमकं हेच राहिलं. कार्ड घरात, आणि त्यात लावायला वायरच नाही. मदरबोर्डवरचा ज्यात कार्ड बसतं तो स्लॉट स्वतः जास्तीत जास्त 75 वॉट देतो. 6 पिनची वायर आणखी 75 देते, 8 पिनची 150. आरटीएक्स 3060 ला 170 वॉट लागतात, आरएक्स 6600 ला 132, आरटीएक्स 4060 ला 115. म्हणजे या तिन्हींना वायर हवीच. वायर नसेल आणि एसएमपीएस बदलायचा नसेल तर 3050 चं 6 जीबीवालं 70 वॉटचं कार्ड बघा, ते बहुतेक मॉडेलांत स्लॉटवरच भागतं.

प्रोसेसरकडे जाणारी 8 पिन वायर बघून ‘आहे की’ म्हणू नका. ती 4+4 अशी फुटते, आपल्याला हवी ती 6+2. दिसायला सख्खी भावंडं, पण 12 व्होल्ट आणि अर्थिंगच्या बाजू उलट असतात. सहज बसत नाही म्हणजे ती चुकीची आहे, जोर लावू नका.

वायर सापडली तरी एसएमपीएसचं स्टिकर वाचा. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात 450 वॉट असतं, ते सोडा. +12 व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. 18 असतील तर 12 गुणिले 18, झाले 216 वॉट, आणि त्यातच प्रोसेसर पण आला. त्यावर 3060 चालवणार? कार्डाच्या बॉक्समध्ये मोलेक्स कन्व्हर्टर (जुन्या चार पिनच्या प्लगवरून कार्डाची वायर काढणारा) निघाला म्हणून खूश होऊ नका. साटाचा (हार्ड डिस्कच्या वायरीचा) कन्व्हर्टर तर अजिबातच नको, तो कनेक्टर 12 व्होल्टवर 54 वॉटपुरताच बनलेला आहे. त्यातून 150 ओढलेत तर प्लास्टिक वितळतं. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर मित्राकडची दुसऱ्या कंपनीची केबल आणू नका. एसएमपीएसच्या बाजूला ती आरामात बसते, पण आतली जोडणी वेगळी असते, कार्ड जळू शकतं. थोडक्यात, एसएमपीएसचं बजेट कार्डाच्या बजेटमध्येच धरा.

आता लांबी. मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेपने मोजा. तीन पंख्यांची बरीच कार्डं 300 मिलिमीटरच्या आसपास जातात, जुन्या कॅबिनेटात पिंजरा आडवा येतो. दोन पंख्यांचं घ्या, विषय संपला. वायर कार्डाच्या कडेला लागते, तिच्या वळणालाही जागा ठेवा, नाहीतर पॅनल बंद होणार नाही.

मदरबोर्डवर पीसीआय-ई 3.0 असेल तर आरएक्स 6500 एक्सटी घेऊ नका. ते फक्त चार लेनचं (डेटा जाण्यायेण्याच्या चारच वाटांचं) आहे, जुन्या बोर्डावर चांगलंच मंदावतं. इंटेल आर्कच्या कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो चौथ्या पिढीच्या आय-5 च्या बोर्डांवर सहसा नसतोच. आणि चार कोअरच्या त्या प्रोसेसरसाठी 4070 वगैरे आणून काय करणार? बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मात्र जुनं कार्ड असतानाच करून घ्या.

मॉनिटरला नुसता व्हीजीए असेल तर नव्या कार्डांवर तो नसतो. एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर आणा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच गेम लावून बघा, पंखे ऐका. आणि घरून निघताना एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि त्या 6+2 वायरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. दुकानदार ‘चालेल हो’च म्हणणार.

बसवायच्या दिवशी: सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर काढा, प्लग काढा, पॉवर बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या. जुनं कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा. ती कार्डाखाली लपलेली असते, पेन्सिलीने दाबा, स्क्रू ड्रायव्हर निसटला तर बोर्डावर ओरखडा. नवं बसवा, स्क्रू, वायर. वायर! मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला. ड्रायव्हर, रीस्टार्ट, अर्धा तास गेम, तापमान बघा. नवं कार्ड परत करायची मुदत संपेपर्यंत जुनं विकू नका.