लाईट गेली तरी कोड राहिला पाहिजे: नोटपॅड प्लस प्लस असं लावा

आमच्या मालवण-देवगडकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, आणि जुन्या पीसीला यूपीएस कुठला, म्हणून विंडोजवर कोड लिहायला नोटपॅड प्लस प्लस घ्या, फुकट आहे, २००३ पासून चालू आहे, आणि सेटअप फाईल थोड्याच एमबीची त्यामुळे रेंज रडतखडत असली तरी उतरते.

टाकल्यावर आधी सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, बॅकअप असं जा आणि सेशन स्नॅपशॉटवर टिक आहे ना बघा. त्याने चालू कामाची कॉपी आपोआप ठेवली जाते, दर ७ सेकंदांनी असं लावलेलंच असतं, राहू देत. सेव्ह न केलेला टॅबपण परत उघडतो, तरी कंट्रोल एस मारत राहा हां.

मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर एन्कोडिंगमध्ये नुसतं यूटीएफ-८ निवडा, कन्व्हर्टवालं नको, त्याने कचराच पक्का होतो.

आणि खरी मजा अल्टमध्ये. समजा हापूसच्या पेट्यांचे रेट शंभर ओळींत आहेत आणि प्रत्येकापुढे स्वल्पविराम हवाय, तर अल्ट धरून माऊस सरळ खाली ओढा, एकदाच टाईप करा, सगळीकडे येतो. प्लगिन्स, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, ढीगभर आहेत, सुरुवातीला नकोतच. लिनक्सवाल्यांनी जीनी (Geany) हा कोड लिहायचा एडिटर बघा.